कायमचे दात नावाची थाप

डिस्क्लेमर आधीच टाकतो. मी दातांचा डॉक्टर नाही. बी.ई. कॉम्प्युटर आहे, पोटापाण्यासाठी एका बँकेच्या जुनाट सिस्टिमचा मेंटेनन्स करतो, आणि दंतवैद्यकातलं माझं शिक्षण म्हणजे वडिलांच्या तोंडाची लागलेली वाट आणि त्यानंतर सहा महिने रात्री जागून वाचलेले पेपर्स. तेव्हा हे वाचून कुणी लगेच आपल्या तोंडात काही करून घेऊ नये. डॉक्टरला प्रश्न मात्र जरूर विचारावेत. ते विचारले जात नाहीत म्हणूनच हे लिहितोय.

तर किस्सा असा. मी फ्रँकफर्टजवळच्या एका गावात एका आजींच्या घरात वरच्या मजल्यावर भाड्याने राहतो. आजी ७९ वर्षांच्या, खणखणीत. महिन्यातून एखाद्या रविवारी केक खायला खाली बोलावतात. (जर्मनांचा दुपारचा केक हा आपल्या चहापोह्यांइतकाच गंभीर प्रकार आहे, नाही म्हणायची सोय नसते.) मार्चमधल्या एका रविवारी अक्रोडाचा कण दातात अडकला म्हणून त्या 'एक मिनिट' म्हणून उठल्या, सिंकपाशी गेल्या, टक् असा आवाज आला आणि खालची कवळी त्यांच्या हातात होती. नळाखाली धरली, परत टक्, आणि पुन्हा टेबलावर. बोलणं जिथे थांबलं होतं तिथून सुरू.

मी वर्षभर ह्या बाईंबरोबर केक खातोय आणि त्यांचे खालचे दात खोटे आहेत ह्याचा मला पत्ता नव्हता!

माझा चेहरा बघून आजी हसल्या आणि त्यांनी ती परत काढून दाखवली. खाली चार खरे दात. चारांवर सोन्याच्या रंगाच्या, एकदम गुळगुळीत अशा टोप्या. कवळीत आतून त्याच मापाच्या दुसऱ्या टोप्या. बसवली की टोपीवर टोपी. पुढच्या दातांवर चमकणारी तार नाही, हूक नाही, डिंकासारखी पेस्ट नाही. कधी केली विचारलं तर म्हणाल्या २००३ साली. तेव्हा पाच खरे दात होते. २०१४ मध्ये त्यातला एक गेला.

"मग?"

"मग काय, डॉक्टरने कवळीतलं तिथलं भोक भरून दिलं. दोन दिवसांत परत मिळाली."

वर आलो तरी हे 'दोन दिवसांत परत मिळाली' डोक्यातून जाईना. कारण आमच्या अण्णांचा एक दात गेला तेव्हा जे झालं ते ह्याच्या बरोबर उलटं होतं.

अण्णा साताऱ्याला असतात. २०१६ साली त्यांच्या खालच्या जबड्यात सात दातांचा ब्रिज बसवला. चार खरे दात खांब म्हणून, मधले तीन खोटे, सगळं एकमेकांना जोडून सिमेंटने पक्कं. ४२ हजार रुपये. मी तेव्हा इंजिनिअरिंगला होतो आणि फीचा हप्ता एक महिना उशिरा गेला एवढंच मला त्यातलं आठवतं. अण्णांनी डॉक्टरला एकच प्रश्न विचारला होता. "कायमचं आहे ना?" डॉक्टर म्हणाले, "एकदम फिक्स. विसरून जा आता." आणि हातात एक कार्ड दिलं, सोनेरी अक्षरातलं, १५ वर्षांच्या वॉरंटीचं.

अण्णा खरंच विसरून गेले. गुणी पेशंट! आठ वर्षं कुणी तोंडात बघितलं नाही, कारण दुखत नव्हतं. २०२४ च्या दिवाळीत वास यायला लागला म्हणून आईने ढकलून पाठवलं. तर एका टोकाच्या दाताचं सिमेंट कधीतरी सुटलं होतं. पण दुसऱ्या टोकाला ब्रिज घट्ट होता, त्यामुळे हलत नव्हतं, कळत नव्हतं. टोपीच्या आत दात सावकाश कुजत गेला. सगळा ब्रिज कापून काढावा लागला. चार खांबांपैकी दोन गेले. आणि ते कार्ड? मी नीट वाचलं. वॉरंटी टोपीची होती. टोपी तडकली, फुटली तर नवीन देणार. टोपीला काहीही झालं नव्हतं. कचऱ्यात टाकली तेव्हाही ती उत्तम स्थितीत होती. खालचा दात सडला तर त्याचा कार्डाशी संबंध नाही.

त्या डॉक्टरांना मी इथे शिव्या घालणार नाही. मनातल्या मनात भरपूर घातल्यात. माझं भांडण त्या एका शब्दाशी आहे, 'कायमचं'. आणि तो शब्द जितका डॉक्टर वापरतात तितकाच आपणही त्यांच्या तोंडून वदवून घेतो.

आमच्या धंद्यात एखादा व्हेंडर म्हणाला की आमची सिस्टिम कधीच पडत नाही, तर मीटिंगमधले सगळे अनुभवी लोक एकमेकांकडे बघतात. कारण सिस्टिम पडते. डिस्क जाते, नेटवर्क जातं, कुणीतरी मध्यरात्री चुकीची कमांड देतं. त्यामुळे शहाणा माणूस विचारतो की बाबा रे, पडली तर कशी पडते? गाजावाजा करून पडते की गुपचूप? एक भाग गेला तर बाकीचं चालू राहतं की सगळंच झोपतं? उभी करायला किती वेळ, किती पैसे? तीस-पस्तीस हजारांच्या लॅपटॉपला आपण हे प्रश्न विचारतो. तोंडात लाखभराचं काम करून घेताना विचारत नाही.

हे प्रश्न घेऊन मी ह्या टोपीवर टोपी प्रकाराचं वाचन सुरू केलं. जर्मनीत ह्याला टेलेस्कोपप्रोथेझे म्हणतात, दुर्बिणीच्या नळ्या एकमेकींत सरकतात तसं म्हणून. आतली टोपी दातावर सिमेंटने कायम चिकटवलेली (बघा, मीही तोच शब्द वापरला), बाहेरची टोपी कवळीचा भाग. गाण्यासारखी ह्यातही घराणी आहेत. एक सरळ भिंतींचं, निव्वळ घर्षणावर धरून राहणारं. दुसरं शंकूचं, कीलच्या कार्लहाइन्झ क्योर्बर ह्यांनी १९६० च्या दशकाच्या अखेरीस पुढे आणलेलं. त्यात टोपीच्या भिंतींना साधारण ६ अंशांचा उतार असतो, त्यामुळे ती अगदी शेवटी पाचर बसल्यासारखी घट्ट होते आणि वाटेत घासत नाही. तिसरं मारबुर्गचं. त्यांनी आतल्या आणि बाहेरच्या टोपीत मुद्दाम बारीक फट ठेवली आणि धरून ठेवायचं काम एका वेगळ्या छोट्या खटक्याला दिलं. खटका सैल झाला तर खटका बदला, टोपीला हात लावू नका. हे वाचून मला एकदम घरच्यासारखं वाटलं :-)

आता आकडे. गीसन इथून तासाभरावर. तिथल्या विद्यापीठातल्या मंडळींनी २००७ साली अशा साडेपाचशेहून जास्त कवळ्यांचा हिशोब प्रसिद्ध केला, त्यात साडेसतराशेच्या वर खांबाचे दात. पाच वर्षांनंतर कवळी वापरात असण्याची शक्यता सुमारे ९५ टक्के, आणि खांबाचा दात तोंडात असण्याचीही जवळपास तेवढीच. सगळ्यात जास्त वेळा करावी लागलेली दुरुस्ती कोणती? निघालेली आतली टोपी परत चिकटवणं. त्याखालोखाल पांढऱ्या दर्शनी थराचे टवके. जे लोक नियमित तपासणीला येत होते त्यांच्या कवळ्या जास्त टिकल्या.

९५ टक्के ऐकून लगेच टाळ्या वाजवू नका. ह्या सगळ्या साहित्यात दोन शब्द आहेत आणि त्यांची गल्लत केली की कुठलंही कामकाज भारी दिसतं. एक 'टिकलं', म्हणजे वस्तू अजून तोंडात आहे, भले दहादा दुरुस्त केली असेल. दुसरा 'यशस्वी', म्हणजे हातच लावावा लागला नाही. साध्या फिक्स ब्रिजबद्दल २००४ मध्ये आलेला एक गाजलेला आढावा आहे, अनेक अभ्यास एकत्र करून काढलेला. दहा वर्षांनी ८९.१ टक्के ब्रिज टिकलेले होते. काहीही कटकट न होता टिकलेले किती? ७१.१ टक्के. मधले १८ टक्के म्हणजे वस्तू आहे पण काहीतरी भानगड झाली. आमच्याकडे सर्व्हर चालू आहे आणि टिकेट्सचा डोंगर साठलाय ह्याला 'अपटाइम उत्तम' म्हणणारे मॅनेजर असतात, त्यातलाच प्रकार.

आणि हो, ८९.१ टक्के हा आकडा चांगलाच आहे. ब्रिज हा वाईट प्रकार आहे असं मी म्हणतच नाहीये. एक दात गेलाय, दोन्ही बाजूंचे शेजारी धडधाकट आहेत, तिथे लहान ब्रिज हा सरळ आणि चांगला उपाय आहे. माझं म्हणणं अण्णांसारख्या तोंडांबद्दल आहे, जिथे मोजकेच दात उरलेत, तेही इकडेतिकडे विखुरलेले, काही हिरडीत सैल, एखाद्याचं रूट कॅनल झालेलं. तिथे पुढच्या १०-१५ वर्षांत एखादा दात जाणार हे धरूनच चालायला हवं. त्याच तोंडात सगळ्या दातांना एका साखळीत बांधून वर सिमेंट ओतणं म्हणजे एका दाताचं मरण सगळ्यांच्या गळ्यात बांधणं.

(ह्याच कारणाने ९५ आणि ८९.१ ची सरळ तुलना करू नका. एक आकडा पाच वर्षांचा आहे, दुसरा दहाचा. शिवाय ज्यांचं तोंड बऱ्या स्थितीत असतं त्यांना ब्रिज मिळतो, ज्यांचं बिघडलेलं असतं त्यांना कवळी. हे विसरून केलेल्या तुलना इंटरनेटवर ढिगाने सापडतात.)

टोपीवाल्या कवळीत काय होतं बघा. ती तुम्ही रोज काढता. प्रत्येक खांबाचा दात रोज उघडा पडतो, चारही बाजूंनी ब्रश फिरतो, जणू एकटाच उभा आहे. आतल्या टोपीचं सिमेंट सुटलं तर ती बहुधा कवळीबरोबर तुमच्या हातात येते. दिसतं, घाबरायला होतं, तुम्ही त्याच आठवड्यात डॉक्टर गाठता. अण्णांच्या ब्रिजमध्ये नेमका हाच बिघाड झाला होता, पण तो बघायची सोयच नव्हती. बिघाड तोच, फक्त इथे ओरडणारा आणि तिथे मुका. आणि दात गेलाच तर? बाहेरची टोपी आतून प्लॅस्टिकने भरायची, ती आता साधा खोटा दात झाली. बाकीचे खांब काम चालू ठेवतात. आजींना दोन दिवसांत परत मिळाली ती ह्यामुळे.

हे डिझाइन ज्यांनी कुणी केलं त्यांनी माणसाचे दात जातात हे सत्य आधीच मान्य केलं होतं. माझ्या लेखी हीच त्यातली सगळ्यात मोठी गोष्ट आहे.

आता दुसरी बाजू, कारण नाहीतर मीही कार्ड वाटणाऱ्यांच्याच रांगेत जाऊन बसेन.

पहिलं म्हणजे दोन टोप्या मावायला जागा लागते, म्हणून दात साध्या कॅपपेक्षा जास्त घासावा लागतो. त्यात आतली नस दगावू शकते. दुसरं, खांब जितके कमी तितकं काम कच्चं. एक-दोन दातांवर उभी केलेली कवळी आणि चार-पाच दातांवर पसरलेली कवळी ह्यांचं भविष्य सारखं नाही. रूट कॅनल झालेले दात खांब म्हणून जास्त दगा देतात, हे निरनिराळ्या अभ्यासांत पुन्हापुन्हा आलंय. (अण्णांची उजवीकडची दाढ नेमकी तशीच आहे. त्याबद्दल पुढे.) तिसरं, सरळ भिंतींच्या प्रकारात घासून घासून पकड सैल होते. चौथं, कवळी काढल्यावर आरशात सोनेरी किंवा राखाडी टोप्यांचे सुळके दिसतात आणि ते काही देखणं दृश्य नसतं. आजींना फरक पडत नाही. सगळ्यांना नाही पडणार असं नाही.

आणि सगळ्यात मोठी तक्रार मला अभ्यासकांबद्दलच आहे. गीसनच्या अभ्यासाच्या शीर्षकात दीर्घकालीन असा शब्द आहे आणि त्यातला सरासरी निरीक्षणाचा काळ आहे पाच वर्षांच्या जरा वर. अहो, पाच वर्षं म्हणजे दीर्घकाळ? अण्णा ६१ वर्षांचे आहेत, आजोबा ८८ पर्यंत जगले. मला २५ वर्षांचा हिशोब पाहिजे! दहा वर्षांनंतरचे अभ्यास आहेत. कीलमधून २००० साली आलेल्या एकात तारेच्या कवळ्या सगळ्यात जास्त निकामी झाल्या होत्या आणि शंकूच्या टोप्यांवरच्या सगळ्यात कमी. पण ते 'सगळ्यात कमी'सुद्धा शून्याच्या आसपास नव्हतं. त्याच्या पुढे गेलं की पेशंट हरवतात. गाव बदलतात, डॉक्टर बदलतात, मरतात. जे येत राहतात ते मुळात काळजी घेणारे. त्यामुळे आजींची २२ वर्षांची कवळी हा पुरावा नाही. किस्सा आहे. मला आवडलेला किस्सा, पण किस्साच.

आता इथपर्यंत वाचून कुणीतरी म्हणणार, झालं, हा पण जर्मनीला जाऊन 'आमच्या इकडे' करायला लागला. थांबा. जर्मनीत ह्या कवळीला हजारो युरो लागतात, आणि त्यातले बरेचसे पेशंटच्या खिशातून जातात. ती बनवायला कसबी लॅब टेक्निशियन लागतो आणि त्याचा एकेक तास महाग आहे. इथलेही लोक कुरकुरतात, कर्ज काढतात, दात करून घ्यायला हंगेरीला जातात. मला हेवा वाटतो तो वेगळ्याच दोन गोष्टींचा.

आजींच्या ड्रॉवरमध्ये एक छोटी वही आहे, बोनुसहेफ्ट. दरवर्षी एकदा दंतवैद्याकडे तपासणीला गेलं की शिक्का मिळतो. पुढे कधी कवळी, कॅप, ब्रिज लागलं तर सरकारी आरोग्य विमा नेहमीच्या ठरलेल्या उपचाराच्या खर्चाचा काही भाग देतो. २०२० च्या ऑक्टोबरपासून तो ६० टक्के आहे. पाच वर्षांचे शिक्के सलग असतील तर ७०, दहा वर्षांचे असतील तर ७५. म्हणजे दुखत नसताना डॉक्टरकडे जाण्याचे पैसे मिळतात, वेगळ्या शब्दांत. काम सुरू करण्याआधी डॉक्टर लेखी आराखडा आणि खर्च मांडतो, विमा कंपनी तो मंजूर करते. आणि दुसरी गोष्ट ऐका. सरकारी विम्याच्या कायद्याप्रमाणे दंतवैद्याने अशा कामाची जबाबदारी घ्यायची ती दोन वर्षांची. दोन! पंधरा नाही, 'लाइफटाइम' नाही. पण त्या दोन वर्षांत जबाबदारी डॉक्टरच्या कामाची असते, नुसत्या टोपीच्या मटेरियलची नाही. काही ठरावीक अपवाद सोडले तर दुरुस्ती किंवा नवीन करून देणं त्याच्या खर्चाने.

सोनेरी अक्षरातली १५ वर्षं आणि कायद्यातली २ वर्षं. मला कुठली पाहिजेत हे सांगायची गरज नाही.

ह्याचा परिणाम म्हणून असेल, फ्लोराइडवाल्या पेस्टमुळे असेल, सिगरेट कमी झाल्यामुळे असेल, पण ६५ ते ७४ वयाच्या जर्मनांमध्ये तोंडात एकही दात नसलेले लोक १९९७ च्या पाहणीत २४.८ टक्के होते आणि २०१४ च्या पाहणीत १२.४. बरोब्बर निम्मे. म्हणजे म्हातारपणी थोडे दात उरलेले लोक वाढले, आणि थोड्या दातांचं काय करायचं हा प्रश्नही. आपल्याकडेही तेच होणार आहे. आजोबांच्या पिढीत सगळे काढून पूर्ण कवळी लावत. अण्णांच्या पिढीच्या तोंडात रूट कॅनल केलेले, कॅप लावलेले, अर्धेमुर्धे वाचवलेले दात आहेत. आणि त्यांच्यापुढे ठेवलेले पर्याय किती? स्क्रूवाले इम्प्लांट, नाहीतर 'साधी काढ-घाल करायची, पण ती तुम्हाला आवडणार नाही हो'. हे दुसरं वाक्य मी स्वतः व्हिडिओ कॉलवर ऐकलंय. अण्णांना खालच्या जबड्याच्या इम्प्लांट्सचा साडेपाच लाखांचा आकडा सांगितला तेव्हा.

इम्प्लांटबद्दलही माझं तेच. उत्तम गोष्ट आहे, पण त्यांच्याभोवतीही हिरडी सुजते, हाड झिजतं, स्क्रू ढिला होतो. आणि अण्णांच्या उरलेल्या दातांपैकी दोन-तीन चांगले दात 'तसेही कधीतरी जाणारच' म्हणून आत्ताच काढायचा सल्ला त्या आकड्यात आहे. मी विचारलं, टोपीवर टोपी होईल का? पलीकडे जरा शांतता. मग, "ते जुनं झालं आता." जुनं?! आमच्या बँकेचा कोबोल १९८० च्या दशकातला आहे आणि रोज रात्री सगळ्यांचे पगार तोच जमा करतो.

खरं सांगायचं तर प्रोस्थोमध्ये एमडीएस केलेल्या लोकांना हा प्रकार चांगला माहीत असतो. मिलिंगची यंत्रं आता आपल्याकडच्या लॅबमध्येही आहेत. पुण्यात एका बाईंशी बोललो, त्या म्हणाल्या की करते मी, पण वर्षातून चार-पाच. का? "पेशंटला कवळी हा शब्दच नको असतो. मी कवळी म्हटलं की ते उठून दुसरीकडे जातात आणि फिक्स करून येतात."

इथे मात्र आपली बोलती बंद. लहानपणापासून कवळी म्हणजे नाटकातल्या म्हाताऱ्याच्या तोंडातून शिंकताना उडणारी वस्तू. कवळी म्हणजे पेल्यातलं पाणी. चष्मा आपण रात्री काढून उशाशी ठेवतो, त्यात कुणाला म्हातारपण दिसत नाही. दात मात्र काढले की संपलं. ह्या लाजेवर अख्खा धंदा उभा आहे आणि 'कायमचं' हा शब्द तिच्यावरच विकला जातो. चांगले उभे असलेले दात त्यापायी काढले जातात आणि घरातली एफडी मोडते.

तर सध्याची परिस्थिती. अण्णांच्या खालच्या जबड्यात चार दात. दोन सुळे, डावीकडे एक उपदाढ, उजवीकडे मागे ती रूट कॅनलवाली दाढ. पुण्याच्या बाईंनी फोटो आणि एक्स-रे बघून सांगितलं की सुळे आणि उपदाढ चांगले आहेत, दाढेचा भरवसा नाही, पण ती आहे तोवर घेऊ, आणि कवळी अशी करू की ती गेली तर भरून टाकता येईल. किती वर्षं टिकेल विचारलं तर म्हणाल्या, "सांगता येत नाही. दर सहा महिन्यांनी दाखवायला आलात तर बरीच. नाही आलात तर मी हात लावत नाही." खर्च इम्प्लांटच्या निम्म्याहून कमी, तरी स्वस्त नाहीच. एवढं सरळ उत्तर मला ह्या विषयात पहिल्यांदाच मिळालं.

काल रात्री अण्णांना फोन केला. सगळं समजावून सांगितलं, टोपी, टोपीवरची टोपी, आजी, अक्रोड. अण्णा शांतपणे ऐकत होते. म्हटलं, "अण्णा, काय विचारायचं असेल ते विचारा. मी बाईंना विचारून सांगतो."

थोडा वेळ काहीच नाही. मग आवाज खाली आणून म्हणाले, "अरे, ती धुवायला काढायची म्हणतोस ना. ते बेसिन तुझ्या आईच्या ओट्यासमोरच आहे. बाथरूममध्ये एक छोटं बसवून घेऊ का आधी?"

म्हटलं बसवून घ्या. प्लंबरचे पैसे मी पाठवतो.